बावीस नंबरचं मीटर

१

नव्या घराची किल्ली हातात पडली की आमच्या वेल्सच्या खोऱ्यांत माणसं दोन कामं करतात. आधी चहाचं आधण ठेवतात आणि मग विजेच्या मीटरचा आकडा टिपून घेतात. आधण आधी, कारण त्याशिवाय डोकं चालत नाही. आणि आकडा लगेच, कारण जुन्या मालकानं जाळलेली वीज आपल्या बोकांडी बसायला नको. नेरिसनं दोन्ही कामं नाचत नाचत केली. म्हणजे सातव्या महिन्यातली बाई नाचू शकते तेवढी नाचत.

नाचायला कारणही तसंच होतं. लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं आणि गेथिननं कार्डिफमध्ये भाड्याच्या खोल्यांत काढली. तिथं वीज घरमालकाच्या नावावर, त्यामुळे थंडीत हीटर कधी लावायचा हेही तोच ठरवणार. आता बेथेल रांगेतलं एकवीस नंबरचं घर त्यांचं स्वतःचं होतं. टेकडीच्या अंगानं वर चढत गेलेली दगडी घरांची रांग, भिंतीला भिंत लागून, आणि हे रांगेतलं शेवटचं घर. त्यापुढे काटेरी झुडपांचा उतार आणि त्यावर कुणाची तरी ओलीचिंब मेंढरं. इथं आधी मिस प्रॉसर नावाच्या बाई राहायच्या. त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि तिथंच वारल्या.

"गेथिन, बिल माझ्या नावावर घ्यायचं हं! आधीच सांगून ठेवते," नेरिस खालून ओरडली.

गेथिन बस चालवायचा. त्या घडीला मात्र तो जिन्यात गादीखाली अडकला होता. "घे बाई घे. बिलासाठी भांडणारी बायको पहिल्यांदाच बघतोय मी!"

"आणि कंपनीपण बदलायची. म्हातारीची कंपनी लुटारू आहे."

"पोर यायच्या आत बदल म्हणजे मिळवली. आता ही गादी धर जरा. नाही नाही, तू नको धरू, तू नुसतं बघ."

२

मीटर जिन्याखालच्या खोपटीत होतं. या खोपटीला इकडं कुच म्हणतात. नेरिस पोट सांभाळत, बॅटरी घेऊन आत वाकली. बघते तर एक सोडून दोन मीटरं, दोन्ही जुन्या घाटणीची, काचेआड फिरणारी चकती असलेली. उजवीकडचं धुळीनं माखलेलं. डावीकडच्याची काच लख्ख पुसलेली, आणि चकती संथपणे फिरत होती. फिरतंय ते आपलं, असा तिनं सरळ हिशेब केला. तुम्हीआम्हीही तोच केला असता.

नव्या कंपनीत फोन उचलला कर्स्टी नावाच्या मुलीनं. आवाज असा गोड की ही वीज विकतेय की मिठाई, कळू नये.

"मीटरवरचा नंबर वाचता का? आणि खालचा आकडा?"

नेरिसनं डावीकडचा नंबर वाचला, आकडा वाचला.

"झालं! जुन्या कंपनीशी आम्हीच बोलतो, तुम्ही काही करायचं नाही. आता बिल तुमच्या नावावर. अभिनंदन हं!"

"बिलाबद्दल अभिनंदन करणारी तू पहिलीच गं," नेरिस म्हणाली आणि दोघी खिदळल्या.

मग तिला लहर आली. तिनं आधण पुन्हा ठेवलं आणि चकती कशी गरगर फिरते ते बघायला कुचमध्ये परत डोकावली. चकती खरंच गरगर फिरत होती, पण उजवीकडची, धुळीतली. डावीकडची आपली पहिल्यासारखीच संथ चालली होती. असेल जुनं काहीतरी, म्हातारीच्या काळचं, असं म्हणून तिनं कुचचं दार लावलं. चहा थंड होत होता.

३

अलीकडच्या वीस नंबरात बोपा एलिनेद राहायची. बोपा म्हणजे रक्ताच्या नात्यावाचूनची मावशी. आमच्या खोऱ्यात प्रत्येक रांगेला अशी एक असते. ऐंशीच्या घरातली, खणखणीत आवाजाची, गावातल्या सगळ्या बातम्यांची मालकीण. दिवस उतरणीला लागला की ती चुलीचा लोखंडी गज घेऊन मधल्या भिंतीवर तीनदा ठोकायची. त्याचा अर्थ, चहा ठेवलाय, ये. आपण दोनदा ठोकायचं. म्हणजे, आले. आणि कुणी थांबलंच नाही, ठोकतच राहिलं, तर हातातलं टाकून पळत सुटायचं. नेरिसच्या आजीकडंही हीच रीत होती, त्यामुळे हे तिच्या अंगात मुरलेलं.

एके दिवशी बोपा दवाखान्यात गेली होती. नेरिसला मीटरचा छडा लावायचा होता. तिनं घरातला मुख्य खटका खाली ओढला. फ्रिज गप्प झाला, दिवे गेले, उजवीकडची चकती थांबली. डावीकडची फिरतच होती. बरं, नुसती फिरत नव्हती. नेरिस बघत असतानाच तिनं एकदम वेग घेतला. आपण आधण ठेवतो तेव्हा घेते ना, तेवढा. थोडा वेळ तशी फिरली आणि मग पुन्हा संथ झाली.

आणि भिंतीवर टक् टक् टक् वाजलं.

नेरिस स्वयंपाकघरात आली, ओट्यावरचा रवीसारखा लाकडी दांडका उचलला आणि सवयीनं दोनदा ठोकला. ठोकल्यावर हात खाली आलाच नाही. तिनं ज्या भिंतीवर ठोकलं होतं, ती बोपाची भिंत नव्हती. ती शेवटची भिंत होती. पलीकडे मेंढरं होती.

पाइप असतील, ती स्वतःशी म्हणाली. जुन्या घरात पाइप वाजतात. पण मग आपण नेमकं याच भिंतीकडं का वळलो? पोटातलं बाळ मजेत लाथा मारत होतं.

४

पुढच्या आठवड्यात कर्स्टीचा फोन आला. "तुमची बदली पूर्ण झाली! बेथेल रांग, बावीस नंबर, बरोबर ना?"

"एकवीस."

"आमच्याकडं बावीस आहे. तुम्ही वाचलेलं मीटर बावीस नंबरचं आहे. एकवीसचं जुन्या कंपनीकडंच राहिलंय. अय्या, तुम्ही शेजाऱ्यांची वीज बदलून घेतली!"

"अगं पण बावीस नंबर नाहीच आहे! आमच्यापुढं डोंगर आहे."

"असं कसं? वीज तर रोज चाललीय. बिलही कधी थकलेलं नाही. मिस प्रॉसर भरायच्या. आता तुमच्या नावावर आहे."

गेथिनला हसू आवरेना. "शाब्बास! एक बिल हवं होतं, बाईसाहेबांनी दोन आणली. अगं, रस्त्यावरचा दिवा जोडलेला असेल कुणीतरी आपल्या घरातून. तोडून टाकू."

नेरिस बोपाकडं गेली आणि टिक्क्या खाता खाता तिनं सगळं सांगितलं. तव्यावरच्या गोड टिक्क्या, मनुका घातलेल्या, अजून गरम होत्या. बोपा आधी खळखळून हसली. मग नेरिसनं दोनदा ठोकल्याचं सांगितलं आणि बोपाचं चघळणं थांबलं.

"आले म्हणालीस तू त्यांना?"

"त्यांना म्हणजे कुणाला, बोपा? कुणी राहतं का तिथं?"

"बावीस होतं गं पूर्वी. खालच्या कोळशाच्या खाणीनं जमीन ओढली आणि एका दुपारी घर गेलं खाली, माणसांसकट. मी लहान होते. चांगली माणसं. घरात सदा बायकांचा गलबला असायचा." बोपानं तिच्या ताटलीत अजून एक टिक्की टाकली. "आले म्हणायचं आणि जायचं नाही, हे काही बरं नाही पोरी."

"मग काय भिंतीतून जाऊ?"

"मी कुठं जा म्हणतेय! खा तू. दोन जीवांची आहेस."

५

कंपनीचा माणूस यायला दीड महिना लागला. क्लाईव्ह नाव, मिशीवाला, सारखा शीळ घालणारा. त्यानं कुचमधून वायर धरून पाहिली. ती डाव्या मीटरमधून निघून थेट शेवटच्या भिंतीत शिरत होती. तो बाहेर गेला, भिंतीला हात लावत फिरला, झुडपांत शिरला, ओरबाडून घेऊन परत आला. बाहेर वायर कुठंच निघत नव्हती.

"आत जाते आणि बाहेर येत नाही," तो म्हणाला. शीळ थांबली होती. "म्हणजे तशी येतच असणार. मला दिसत नाही इतकंच. तोडायची का?"

"तोडा," गेथिन म्हणाला.

"बिल बाईंच्या नावावर आहे. हो त्यांनी म्हणायला हवं."

दोघंही नेरिसकडं बघू लागले. नेरिसला का कोण जाणे, वृद्धाश्रमात निघालेल्या मिस प्रॉसर डोळ्यांपुढं आल्या. एवढ्या वर्षांत काच पुसायला न चुकलेल्या. पण पोर येणार होतं, घरात एकाचा पगार, आणि भिंतीत शिरणारी वायर कुणाला हवी असते? "हो," ती म्हणाली.

क्लाईव्हनं सोमवारची वेळ दिली आणि घाईघाईनं निघून गेला.

त्या संध्याकाळी नेरिस आणि गेथिन बाजार करून टेकडी चढत होते. अंधार लवकर पडलेला, घराघरांत दिवे लागलेले, आणि गेथिन बसमधल्या कुठल्याशा दारुड्याची नक्कल करत होता. नेरिस पोट धरून हसत होती. हसता हसता तिनं वर पाहिलं. आपल्या खिडकीतला दिवा दिसला. त्याच्या पुढं, रांगेत, आणखी एक पिवळी खिडकी होती. आत कुणीतरी इकडून तिकडं गेलं.

"गेथिन, आपलं घर शेवटचं ना?"

"म्हणजे काय!" त्यानं पाहिलं. तोवर तिथं नुसता डोंगर होता. "दमलीस का? दे ती पिशवी."

६

शनिवारी वेल्सचा इंग्लंडशी रग्बीचा सामना. अशा दिवशी आमच्या खोऱ्यात चोरालाही कुणी अडवणार नाही, कारण चोरही क्लबात सामना बघत असतो. सगळी बेथेल रांग लाल टोप्या घालून खालच्या क्लबात गेली. बोपा तर गळ्यात लाल मफलर गुंडाळून सगळ्यांच्या पुढं. गेथिनची बस प्रेक्षकांना घेऊन कार्डिफला गेली होती. सकाळपासून बर्फ पडत होता. बाळाला अजून तीन आठवडे होते, त्यामुळे नेरिस घरी रेडिओ लावून पाय वर करून बसली होती आणि मजेत इंग्लंडला शिव्या देत होती.

पहिली कळ आली तेव्हा तिला वाटलं, ओरडून आली. दुसरीनं तिला ओट्यापाशी वाकवलं. तिसरीला ती फरशीवर होती.

तिनं फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका निघाली होती, पण बर्फामुळे टेकडीच्या पायथ्याशीच अडकली. गेथिनचा फोन लागेना. क्लबात सामन्याच्या गलक्यात बोपाला फोन कुठला ऐकू येणार! नेरिसनं चुलीचा गज ओढला आणि बोपाच्या भिंतीवर ठोकायला सुरुवात केली. ठोकत राहिली. पलीकडं कुणी नव्हतं, हे माहीत असूनही ठोकत राहिली. इतकं एकटं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आपण मरू याची भीती नव्हती. हे पोर कुणाच्या हातात येणार, याची होती.

मग ती वळली. शेवटची भिंत समोर होती. सोमवारी तोडा म्हणून आपणच सांगितलंय, हे तिला आठवलं. तिनं डोळे मिटले आणि गज त्या भिंतीवर घातला. एकदा, पुन्हा, पुन्हा, हात दुखेपर्यंत.

कुचमधल्या डाव्या चकतीची घरघर थांबली. तिकडं कुणीतरी हातातलं टाकलं होतं.

मागच्या दाराची कडी वाजली. थंडगार वारा आत आला आणि त्यामागून साबणाचा, कोळशाच्या धुराचा वास.

"आले गं, आले."

नेरिसनं पाहिलं ते एवढंच: कोपरापर्यंत वर सारलेली बाही आणि साबणाच्या फेसानं ओला झालेला हात. त्या हातानं तिचा हात धरला. हात गरम होता. त्यामागं आणखी बायका होत्या. एक गुणगुणत होती, एक भांडं आपटत होती. मान वर करायला गेली की कुणीतरी हळूच ती खाली दाबायचं.

"पहिलटकरीण दिसते."

"मग काय झालं? तूही होतीसच की कधी. काय आरडाओरडा केला होतास!"

"गप्प गं! ही हसतेय बघ. हस पोरी, हस. हसलं की सुटतं."

आणि खरंच, एवढ्या वेणांमध्ये नेरिस हसली. रेडिओवर हजारो माणसं एकदम ओरडली, आणि त्यातच एक बारीकसा, रागावलेला आवाज मिसळला.

७

वेल्स जिंकलं होतं. रांग गात गात वर आली. बोपानं दार ढकललं तर नेरिस चुलीपाशी उशीला टेकून बसलेली, छातीशी बाळ, आणि दोघींभोवती मिळून एक लोकरी शाल. पूर्वीच्या बाया बांधायच्या तशी, खांद्यावरून नेऊन कमरेशी घट्ट गुंडाळलेली, म्हणजे हात मोकळे राहतात. बाजूला वाफाळत्या पाण्याचं पांढरं घमेलं. असलं घमेलं नेरिसच्या घरात नव्हतं.

"मुलगी आहे, बोपा," नेरिस रडत हसत म्हणाली.

"अगं माझी बाई ती! आणि शाल कुणी बांधली? आता कुणाला येतं हे..." बोपानं शालीची गाठ चाचपली. मग ती स्टुलावर टेकली. बाळानं जांभई दिली आणि बोपानं सगळ्या रांगेला हाका मारल्या. मग जे गाणं सुरू झालं ते बर्फातून धडपडत गेथिन पोचेपर्यंत थांबलं नाही.

सोमवारी क्लाईव्ह अवजारं घेऊन दारात उभा राहिला. नेरिसनं फोन कानाला लावला होता. पलीकडं कर्स्टी होती.

"तोडायचं नाही. चालू राहू दे."

"पण तिथं कोण राहतं, असं लिहू मी?"

"शेजारी," नेरिस म्हणाली. "आणि आमच्या एकवीसचंही तुमच्याच कंपनीकडं घे. दोन्ही बिलं माझ्या नावावर."

गेथिननं फडकं घेतलं, कुचमध्ये वाकला आणि डाव्या मीटरची काच पुसली. मग उजव्याचीही पुसली. क्लाईव्हला दोन टिक्क्या कागदात बांधून दिल्या.

८

बाळाचं नाव मारेद. आठव्या महिन्यात ती बसायला लागली आणि हाताला लागेल ते आपटायला लागली. शेवटच्या भिंतीवर रोज तीन ठोके पडत. नेरिस ते ऐकून मान डोलवायची, एखादं गाणं म्हणायची, पण उत्तर द्यायची नाही. उपकार विसरली होती असं नाही. शाल धुऊन, घडी करून ठेवली होती. परत न्यायची होती. पण न्यायची म्हणजे कुठं, आणि गेलं तर परत यायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. एकटी असती तर कदाचित गेलीही असती. आता मारेद होती.

एका ओल्या दुपारी ती टिक्क्या भाजत होती. मारेद फरशीवर, हातात लाकडी चमचा, स्वतःशीच किंचाळून हसत होती. शेवटच्या भिंतीवर ठोके पडले. टक् टक् टक्.

मारेद गप्प झाली. भिंतीकडं बघून अशी हसली की तिचे दोन्ही दात दिसले, कुणी ओळखीचं दिसल्यावर हसते तशी. मग भिंतीपाशी रांगत गेली, चमचा उचलला आणि ठोकला. दोनदा. आणि चमचा खाली ठेवून शहाण्यासारखी बसून राहिली.

नेरिसच्या हातातली टिक्की तव्यावर करपली. भीती वाटली, खूप वाटली, पण तिच्याखाली कुठंतरी हसूही फुटत होतं. गप्पांना एवढी आसुसलेली पोर कुणाची, तर बावीस नंबरातल्या बायकांनी हातात घेतलेली.

"आले म्हणालीस होय गं भवाने?" ती म्हणाली. "आता जायला नको?"

तिनं गॅस बंद केला. टिक्क्या ताटलीत काढून वर फडकं टाकलं. शाल घेतली, मारेदला छातीशी धरलं, आणि कुणी कधी शिकवलं नव्हतं तरी तिच्या हातांनी ती शाल खांद्यावरून नेऊन कमरेशी घट्ट बांधली. गेथिनच्या यायच्या आत परत यायचं, असं तिनं ठरवलं.

मागच्या दाराच्या कडीला हात घातला तेव्हा कुचमधली डावी चकती घरघरायला लागली, जोरात. तिकडं चहाचं आधण वाढवलं होतं, आणखी दोघींसाठी.